स्कोर्पाचे दात कोण घासतं

गुनिलाबाईंनी अंगठ्याने स्कोर्पाचा वरचा ओठ उचलला, आत डोकावल्या आणि मान वर न करता विचारलं, "हिचे दात कोण घासतं?" मी म्हटलं, "आम्ही." एवढंच झालं. तुम्ही सगळे मला कधीपासून विचारताय ना, की ही इल्वा संध्याकाळचे सहा वाजले की कॉफी अर्धी टाकून कुठे पळते, आणि ते ड्रायव्हिंग लायसन्सचं काय झालं, तीन वर्षं पैसे साठवत होतीस त्याचं, तर ते सगळं त्या एका 'आम्ही'पासून सुरू झालं. कारण ते खोटं होतं. आणि गंमत बघा, बोलताना मला माहीत नव्हतं की मी खोटं बोलतेय. बोलून झाल्यावर कळलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या त्या स्टीलच्या टेबलावर माझी कुत्री स्कोर्पा उभी होती, आखूड पाय थरथरतायत, ते लांबोडकं अंग माझ्या पोटाशी चिकटवलेलं, आणि बाईंनी बॅटरी आत मारली तेव्हा मला दिसलं, दाढांच्या मुळाशी पिवळट-तपकिरी दगड साठलेला, आणि हिरडी अशी लाल, की बघूनच माझी जीभ आपोआप माझ्या स्वतःच्या डावीकडच्या दाढेकडे गेली. तिथे एक खड्डा आहे. लहानपणापासून आहे. त्याचं पुढे सांगते.

"आम्ही म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं. रागाने नाही हं. त्या कार्ड भरत होत्या. मी सांगितलं, की मी आणि आल्बिन, आम्ही वेगळे झालो त्याला अडीच वर्षं झाली, स्कोर्पा एक आठवडा माझ्याकडे असते, एक त्याच्याकडे. बाईंनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आठवड्याआडची कुत्री." मी हसले. म्हटलं, "मी पण आठवड्याआडचीच होते." त्यावर त्याही हसल्या, म्हणाल्या, "माझे दोन्ही मुलगे होते." आणि मग त्यांनी हसत हसतच सांगितलं, की बरेच दात जातील, पंधरा-सोळा तरी, नक्की एक्सरेनंतर कळेल, आणि खर्च येईल एकतीस हजार क्रोनर. मी म्हटलं, "दातांचे?" म्हणजे मला वाटलं त्यात एखादा पाय पण असेल. बाई सवयीने समजावायला लागल्या, दिवसातून चारदा समजावत असणार. "हे बघ, तू दातांच्या डॉक्टरकडे गेलीस तर तू तोंड उघडून बसशील. ही बसणार आहे का? हिला झोपवायचं. झोपवायचं म्हणजे अकरा वर्षांचं हृदय, त्याच्यावर नजर ठेवायला एक माणूस पूर्ण वेळ. मग एकेक दाताचा एक्सरे. मग दाढेला मुळं तीन, ती कापून वेगळी करायची आणि एकेक काढायची, नाहीतर जबडा मोडतो. यांचा जबडा माझ्या करंगळीएवढा." आणि त्यांनी करंगळी दाखवली. मी विमा आहे म्हटलं, तर त्यांनी स्कोर्पाचं लसीचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. दरवर्षी दात तपासून घेतल्याची सही असेल तरच विमा दातांचे पैसे देतो. त्या पानावर एकही सही नव्हती. लसीला एका वर्षी मी जायचे, एका वर्षी तो. दातांची तपासणी म्हणजे आणखी अर्धा तास. मला वाटायचं, तो करेल त्याच्या वर्षी.

आणि जाता जाता त्या म्हणाल्या, "अजून एक. नंतर सहा आठवडे एकच घर. एकच हात. मऊ खाणं, आणि जे दात उरतील ते रोज घासायचे, रोज म्हणजे रोज. दोन घरं नकोत. तुम्ही ठरवा कोणाचं ते." एकतीस हजारांपेक्षा मला तेच जास्त लागलं. एकच घर. कारण आल्बिन घरून काम करतो, त्याचं घर तळमजल्यावर, दाराबाहेर गवत. मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दिवसभर लायब्ररीत. कोणालाही विचारा, कोणाचं घर ते. आणि सहा आठवडे म्हणजे मग सवय होते ना हो. कुत्र्यालाही होते आणि माणसालाही होते. मग कोण कशाला म्हणेल, की चला आता परत तीन जिने चढूया.

मी ट्रामने नाही गेले, चालत निघाले. मार्च होता, बर्फ गेलेला, हिवाळ्यात घसरू नये म्हणून फुटपाथवर टाकलेली खडी अजून झाडून काढली नव्हती, ती बुटाखाली करकर वाजते ना, तशी वाजत होती, आणि स्कोर्पा दर दहा पावलांवर थांबून पंजातला खडा चाटून काढत होती. तिला काही माहीत नाही. तिच्या दृष्टीने एक छान बाई तोंडात बघून गेली आणि नंतर लिव्हरची पेस्ट मिळाली. मी तिथेच नदीवरच्या पुलाच्या कठड्याशी बसले आणि तिला मांडीवर घेतलं आणि तिने जांभई दिली, आणि तो वास आला. तो वास. मी तुम्हाला खरं सांगते, तो वास मला दीड वर्ष माहीत होता. माहीत नव्हता असं नाही. सकाळी ती उशीवर येऊन तोंडाजवळ श्वास सोडायची, आणि मी मान फिरवायचे, आणि माझ्या डोक्यात दर वेळी एकच वाक्य यायचं, की आल्बिन तिला मासे घालतो. त्याच्याकडून आली की जास्त यायचा, असं मला वाटायचं. रविवारी आली की सोमवारी मी खिडकी उघडायचे. आणि एकदाही, एकदाही मी त्याला म्हटलं नाही. का, तर ते कसं वाटेल. आम्ही किती चांगले वेगळे झालो होतो, तुम्ही सगळे म्हणायचात ना, की तुमच्यासारखं वेगळं व्हायला पाहिजे. भांडण नाही, आवाज नाही. एक वही होती, निळी, तिच्या पिशवीतून इकडून तिकडे जायची. त्यात सगळं. शी कशी झाली, गोचीड कुठे सापडली, टपालवाल्यावर किती वेळा भुंकली. रविवारी पाच वाजता ट्रामच्या स्टॉपवर द्यायचं-घ्यायचं, आणि तो स्टॉपसुद्धा आम्ही नकाशावर मोजून काढला होता, दोन्ही घरांपासून सारखा. कोणी कोणाच्या दारात जायचं नाही. सगळं सारखं वाटून घेतलं होतं, फक्त तोंडात कोणी बघायचं ते वाटायचं राहिलं. टूथब्रश दोघांनी एकेक घेतला होता, एकाच दिवशी, एकाच दुकानातून. माझा अजून पाकिटात होता.

माझी ती दाढ. मी नऊ वर्षांची होते. एक आठवडा आईकडे, एक बाबाकडे, शुक्रवारी बदल. आईकडे शनिवारचा खाऊ, म्हणजे आठवड्याच्या गोळ्या-चॉकलेटं, काचेच्या वाटीत मिळायचा, वाटी भरली की बस. बाबाकडे पिशवी असायची, आणि ती रविवारपर्यंत पुरायची. मला कोणी सांगितलं नव्हतं पण मला माहीत होतं, की पिशवीचं आईकडे बोलायचं नाही, आणि वाटीचं बाबाकडे बोलायचं नाही, कारण बोललं की दुसरा म्हणायचा "अच्छा", आणि तो 'अच्छा' फार मऊ असायचा. माझ्या आईबाबांनी माझ्यासमोर एकदाही आवाज चढवला नाही. ते फक्त मऊ व्हायचे. फोनवर, दारात, मऊ मऊ, आणि मला ते इतकं भीतीदायक वाटायचं, की बाकीच्या मुलांचे आईबाप ताटं फेकायचे त्यांचा मला हेवा वाटायचा. तर दाढ दुखायला लागली. बाबाकडे असताना सुरू झालं. मी म्हटलं, आत्ता सांगितलं तर बाबाला वाटेल आईने नीट बघितलं नाही. मग शुक्रवारी आईकडे गेले, तिथे जास्त दुखायला लागलं, मी म्हटलं, आत्ता सांगितलं तर आईला पिशवीचं कळेल. मग मी उजवीकडून चावायला शिकले. थंड दूध तोंडात गरम करून गिळायला शिकले. रात्री गाल भिंतीला लावायचे, दोन्ही घरांत माझ्या पलंगाशेजारची भिंत कोणती जास्त गार आहे हे मला अजून माहीत आहे. बाबाकडची. असे चार शुक्रवार गेले. शेवटी शाळेच्या जेवणात राय नावाच्या धान्याची कुरकुरीत भाकरी चावली आणि अर्धी दाढ हातात आली.

आणि स्कोर्पाला मी दवाखान्यात का नेलं होतं? कारण तिने त्याच राय धान्याच्या भाकरीचा तुकडा टाकला. तिला मी नेहमी कडेचा तुकडा देते, गेली अकरा वर्षं ती तो कडकड चावून खाते, तिचं नावच त्यावरून, स्कोर्पा म्हणजे तो कडक टोस्ट असतो ना तो. त्या सकाळी तिने तुकडा घेतला, डावीकडे नेला, थांबली, उजवीकडे नेला, आणि मग अगदी अलगद, मला दिसू नये असा, खुर्चीमागे नेऊन ठेवला. आणि परत येऊन शेपूट हलवायला लागली. मला त्या शेपटीचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

घरी गेले आणि बाबाला फोन केला. मला पैशांचं बोलायचं होतं, म्हणजे मागायचे नव्हते, फक्त कोणीतरी म्हणावं असं वाटत होतं की दे, काही हरकत नाही. बाबा म्हणाला, "किती वर्षांची झाली ती?"

"अकरा."

"हं. अकरा म्हणजे चांगलं आयुष्य झालं गं तिचं."

"बाबा, तिचे दात दुखतायत. ती मरत नाहीये."

"नाही, मी तसं नाही म्हणत." मग जरा वेळ पलीकडून भांड्यांचा आवाज, तो बोलताना नेहमी काहीतरी विसळत असतो. "माझ्या मोटारीच्या गिअरबॉक्सचे एवढे सांगितले होते. मी मोटार भंगारात दिली."

"ती तुझ्या उशीवर झोपत होती का, मोटार?"

तो हसला. माझा बाबा फार छान हसतो, फुस्सकन. आणि तो हसला म्हणूनच मला धीर आला असेल, मी विचारलं, "बाबा, तुला माझी दाढ आठवते?"

पाणी बंद झालं. मला वाटलं आठवत नसेल, चोवीस वर्षं झाली. मग तो म्हणाला, "मला वास आला होता."

"कसला?"

"तुझ्या तोंडाला. पंधरा दिवस आधी. झोपताना पांघरूण घालायला वाकलो तेव्हा." आणि मग तो असा एकेक शब्द ठेवत बोलला, जसा कपाटातून नाजूक कप काढतो तसा, "मी म्हटलं, आईला सांगावं. मग म्हटलं, तिला वाटेल मी तिची चूक काढतोय. आमचं तेव्हा इतकं नीट चाललं होतं, इल्वा. मला ते बिघडवायचं नव्हतं. म्हटलं, ती बघेलच तिच्या आठवड्यात."

स्कोर्पा पायाशी होती, मी मोजा घातलेल्या पायाने तिचं पोट चोळत होते. मला राग आला असता तर बरं झालं असतं, पण मला दिसत होतं, बाबा वाकलाय, हातात पांघरुणाची कड, आणि तो वास घेतो, आणि तसाच सरळ होऊन दिवा घालवतो. आणि मी जागी. आणि मीही गप्प. एका खोलीत दोघं जण एकच गोष्ट माहीत असून एकमेकांना जपत होतो, आणि दाढ कुजत होती. शाळेच्या दातांच्या डॉक्टरकडे दोघंही आले होते, आई आणि बाबा, मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून दोघं मासिकं चाळत बसलेले, आणि डॉक्टरने मला विचारलं, घरी दात कोण बघतं तुझे? आणि मी म्हटलं होतं, "दोघं." अभिमानाने म्हटलं होतं. शेवटी फोनवर बाबा म्हणाला, "दे ते पैसे. लायसन्स काय, पुढच्या वर्षी." आणि मग, ठेवता ठेवता, "आणि आल्बिनला सांग. मऊ बोलू नकोस."

रविवारपर्यंत थांबलेच नाही. आल्बिनला त्याच संध्याकाळी स्टॉपवर बोलावलं. मंगळवार होता, त्यामुळे तो बिचारा घाबरूनच आला, टोपी उलटी घातलेली, लांबूनच स्कोर्पाकडे बघत, की आहे ना, चालतेय ना. ती त्याला बघून अशी वळवळली की पट्टा माझ्या हाताभोवती दोनदा गुंडाळला गेला. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. मी म्हटलं, "आल्बिन, हिच्या तोंडाला वास येतो. मला दीड वर्ष माहीत आहे."

तो खाली बसला, स्कोर्पाचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि तिच्याकडेच बघत म्हणाला, "मलाही."

"तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तू तिला ती ट्यूबमधली माशाच्या अंड्यांची पेस्ट देतेस. सकाळी. पावावर लावून. तू स्वतः खातेस तशी."

"मी? मी तिला लिव्हरच्या पेस्टशिवाय काही देत नाही. मला वाटलं तू मासे घालतोस."

"मी शाकाहारी आहे, इल्वा. एक वर्ष झालं."

"मला कुठे माहीत?"

"वहीत लिहिलं होतं."

"तू वहीत स्वतःचं लिहितोस?"

आणि मग आम्ही हसायला लागलो, तसं हसण्यासारखं काही नव्हतं, स्टॉपवर एक आजी वॉकरवर बसलेल्या होत्या, त्या आमच्याकडे बघून त्याही हसल्या. आणि हसता हसता मी रडले, आणि मग मी त्याला सगळं सांगितलं, सोळा दात, एकतीस हजार, विमा नाही. तो म्हणाला, सगळे मी देतो, चूक माझी. मी म्हटलं, मी देते, चूक माझी. असं दोन ट्रामी जाईपर्यंत चाललं, आम्ही अडीच वर्षांत इतकं भांडलो नव्हतो, आणि सांगू का, मला इतकं मोकळं वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "अर्धे अर्धे. एवढं एक तरी आपल्याला जमतं."

मग मी ते राहिलेलं सांगितलं. एकच घर, सहा आठवडे. आणि त्याने बोलायच्या आत मीच म्हटलं, "तुझं." मला ते पटकन बोलून टाकायचं होतं, इंजेक्शन घेताना आपण मान फिरवतो तसं. तो म्हणाला, "आणि मग सहा आठवड्यांनंतर?" मी म्हटलं, "मला नाही माहीत." खरंच नव्हतं माहीत. अजून नाही. तो म्हणाला, "दात मला घासता येणार नाहीत. मी एकदा प्रयत्न केला होता, ती मला चावली. मुद्दाम नाही. पण मग मला तिला धरवेना." आणि एवढा साडेसहा फुटाचा माणूस, त्याने हाताची मूठ उघडून अंगठा दाखवला. तिथे काही नव्हतं. जखम केव्हाच भरली होती, तरी तो दाखवत होता.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी झालं. सोळा नाही, अठरा दात गेले. स्कोर्पाची जीभ आता डावीकडून बाहेर लोंबते, झोपेत तर पार गादीवर येते, आणि ती इतकी वेडगळ दिसते की रस्त्यात माणसं थांबतात. बाईंनी काढलेले दात छोट्या डबीत घालून दिले, मी विचारलं नव्हतं, पण दिले. आल्बिनने तिला कडेवर घेऊन नेलं, मी आठ दिवस गेले नाही, टाके भरू देत म्हटलं. नवव्या दिवशी त्याचा मेसेज आला, बाईंनी ब्रश सुरू करायला सांगितलाय, आणि खाली एवढंच, की येतेस का.

मी गेले. साडेसहा वाजता. पाकिटातला तो टूथब्रश घेऊन. आल्बिनने दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकलं, पायपुसण्यावर, आणि तिथेच उभी राहिले. आणि तुम्हाला सांगते, मला एकदम बाबा दिसला. शुक्रवारी माझी पिशवी राहिली तर बाबा आणून द्यायचा, आणि आईच्या दारात पायपुसण्यावर उभा राहायचा, बूट घालूनच. नऊ वर्षं. आई म्हणायची, ये ना आत, तो म्हणायचा, नको, बूट आहेत. जसे काही ते बूट पायाला शिवलेले होते. हिवाळ्यात त्या पायपुसण्यावर बर्फ वितळून त्याच्या दोन पावलांची तळी व्हायची, आणि तो गेल्यावर आई ती पुसायची, आणि मी बघायचे. मला वाटतं मला तेव्हा फक्त एवढंच हवं होतं. त्यांनी परत एक व्हावं वगैरे नाही. फक्त बाबाने एकदा आत यावं, आईच्या बाथरूममध्ये, आणि दोघांनी मिळून माझ्या तोंडात बघावं.

"इथेच बाहेर आणू का तिला?" आल्बिनने विचारलं. तो मऊ बोलत होता. कॉरिडॉरच्या टोकाला बाथरूमचा दिवा लागलेला होता, आणि त्या उजेडात स्कोर्पा बसलेली, जीभ लोंबतेय, एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे, आणि उठत नाही, जसं काही एकाकडे आधी गेली तर दुसऱ्याला वाईट वाटेल.

"नको," मी म्हटलं. "तू धर, मी घासते." आणि खाली वाकून मी बुटांच्या नाड्या सोडल्या.